लघवीचं विचारायचं कोणी?

साठी ओलांडलेल्या कुणालाही त्याच्या साखरेबद्दल विचारून पाहा. उपाशीपोटीची किती, जेवणानंतरची किती, तीन महिन्यांची सरासरी किती, सगळं तोंडपाठ असतं. रक्तदाबाची गोळी कधीपासून चालू आहे, गुडघ्याचं ऑपरेशन कुणाकडे केलं, खर्च किती आला, हे सकाळच्या फेरीत चारचौघांत मोकळेपणाने सांगितलं जातं. बायपासचा व्रण शर्टाची बटणं काढून दाखवणारेही भेटतात. पण ‘लघवीला कसं होतं?’ हा प्रश्न कुणी कुणाला विचारत नाही. कुणी विचारलाच तर ‘चालायचंच, वय झालं’ एवढं उत्तर येतं आणि बोलणं पावसापाण्यावर जातं.

या गप्प राहण्याची किंमत म्हातारी माणसं रोज रात्री मोजत आहेत. त्याच वेळी शहरांतल्या तपासणी केंद्रांच्या ‘संपूर्ण आरोग्य पॅकेज’मध्ये पीएसए नावाची प्रोस्टेटची रक्ततपासणी इतर चाचण्यांबरोबर सहज घातलेली असते. म्हणजे ज्याला त्रास आहे तो बोलत नाही, आणि ज्याला काहीच होत नाही त्याच्या हाती एक आकडा पडून त्याची झोप उडते. माझं म्हणणं असं, की प्रोस्टेटची जनजागृती आपण चुकीच्या टोकाने धरली आहे. तिची सुरुवात रक्ताच्या बाटलीपासून न होता विचारपुशीपासून व्हायला हवी, आणि ही विचारपूस कुणी, कुठे, कशी करायची याची सोय समाजाने लावायला हवी.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेच्या भोवती बसलेली ग्रंथी. तरुणपणी वजन साधारण वीस ग्रॅम, आकार मोठ्या सुपारीएवढा. वीर्यातला काही द्रव तयार करणं हे तिचं काम. चाळिशीनंतर ती हळूहळू वाढू लागते. साठीच्या सुमारास जवळपास निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीनंतर दहापैकी आठ-नऊ जणांत ही वाढ सापडते. पुरुषी संप्रेरकं आणि वय, एवढ्या दोन गोष्टी तिला पुरतात. तरुणपणीच्या कुठल्या सवयीचं किंवा ‘पापा’चं ते फळ नाही. ही वाढ कर्करोग नव्हे, आणि तिचं पुढे कर्करोगात रूपांतरही होत नाही. ती ग्रंथीच्या आतल्या, नलिकेलगतच्या भागात होते. कर्करोग बहुतेक वेळा बाहेरच्या भागात सुरू होतो. एकाच माणसाला दोन्ही असू शकतात, पण ते दोन वेगळे आजार आहेत.

लोकांच्या मनात मुख्य घोळ आहे तो आकाराचा. पोटाची सोनोग्राफी दुसऱ्याच कशासाठी तरी केली जाते आणि रिपोर्टात खाली एक ओळ येते: प्रोस्टेट वाढलेली आहे, वजन पंचेचाळीस ग्रॅम. घरात धावपळ सुरू होते. वास्तविक ग्रॅमवरून त्रास ठरत नाही. ऐंशी ग्रॅमची ग्रंथी घेऊन रात्रभर निवांत झोपणारे आहेत आणि तीस ग्रॅमच्या ग्रंथीने लघवी तुंबून दवाखान्यात आलेलेही आहेत. वाढ कोणत्या दिशेला झाली, नलिका किती दाबली गेली, मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू किती आवळलेले आहेत, यावर सगळं अवलंबून असतं. ज्याला त्रास नाही, ज्याचं मूत्राशय नीट रिकामं होतं आणि मूत्रपिंडं ठीक आहेत, त्याच्या वाढलेल्या प्रोस्टेटला बहुधा काहीच करावं लागत नाही.

त्रास असलेला माणूस मात्र आपलं सगळं जगणं त्या त्रासाभोवती फिरवून घेतो आणि घरच्यांना पत्ता लागू देत नाही. तो संध्याकाळनंतर पाणी पीत नाही. एसटीत दाराजवळची जागा धरतो, आणि पुढे पुढे एसटीचा प्रवासच टाळतो. लग्नाला जात नाही, ‘आता दगदग झेपत नाही’ म्हणतो. सत्यनारायणाच्या पूजेला मागच्या बाजूला बसतो. धोतर किंवा गडद रंगाची पँट निवडतो. त्याचा स्वभाव एकलकोंडा झाला, असं सुना-मुलं म्हणतात.

कुठल्याही तालुक्याच्या एसटी स्टँडवरच्या मुतारीत पाच मिनिटं थांबून पाहा. गाडी दहा मिनिटं थांबलेली असते, रांग लागलेली असते. सत्तरीचा एक गृहस्थ भिंतीकडे तोंड करून उभा राहतो आणि धार सुरूच होत नाही. मागचा तरुण चुळबुळतो, घसा खाकरतो. कंडक्टरची घंटी ऐकू येते. त्या घाईने स्नायू आणखी आवळतात. शेवटी तो गृहस्थ तसाच, काहीही न होता, बटणं लावून बाहेर पडतो आणि पुढचे दोन तास पोट दाबून बसतो. ही अडचण नुसती देहाची नाही. वृद्ध पुरुषाला दार लावून, निवांत उभं राहता किंवा बसता येईल अशी स्वच्छ जागा आपण स्टँडवर, बाजारात, तहसील कचेरीत ठेवलेली नाही. स्त्रियांच्या स्वच्छतागृहांचा प्रश्न अधिक गंभीर आहे आणि त्यावर आंदोलनं झाली, ती व्हायलाच हवी होती. ‘पुरुषांचं काय, ते कुठेही उभे राहतात’ ही समजूत मात्र साठीनंतर खोटी पडते.

आणि रात्र. दोनदा, तीनदा, पाचदा उठणं. गावाकडे संडास-मोरी अजून बऱ्याच घरांत परसात असते. अंधार, ओली फरशी, पायांत चपला सापडत नाहीत, झोपेची गुंगी, वर रक्तदाबाच्या गोळीने येणारी चक्कर. खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या पुरुषाला ‘पडलात कधी?’ असं विचारा. अनेकदा उत्तर येतं, ‘रात्री लघवीला उठलो होतो.’ हाडाचं ऑपरेशन होतं, फिजिओथेरपी होते, पण तो रात्री इतक्या वेळा का उठत होता हे कुणी विचारत नाही. रात्रीच्या या उठण्यामागे दर वेळी प्रोस्टेटच असते असंही नाही. साखर, पायांवरची सूज, संध्याकाळी घेतलेली लघवी वाढवणारी गोळी, झोपण्यापूर्वीचा चहा ही सगळी कारणं असू शकतात. म्हणून तर विचारायला हवं.

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांची गोष्ट सांगतो. धार दोन वर्षांपासून बारीक झाली होती, त्यांनी ती अंगवळणी पाडून घेतली होती. थंडीत नातीच्या लग्नाला निघताना सर्दी झाली म्हणून औषधाच्या दुकानातून सर्दीची गोळी घेतली, दिवसभर प्रवासात लघवी दाबून ठेवली. रात्री मुक्कामाला पोचल्यावर लघवी होईना. बेंबीखाली पोट फुगून टणक झालं, माणूस अंथरुणावर तळमळू लागला. पहाटे तालुक्याच्या दवाखान्यात नळी घातली तेव्हा लिटरभराहून अधिक लघवी निघाली. लग्न पिशवी लटकवून पार पडलं. नाक मोकळं करणाऱ्या औषधांनी मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळतात, आणि सर्दीच्या जुन्या पद्धतीच्या गोळ्यांनी मूत्राशयाचा जोर कमी होतो. दोन्ही बऱ्याचदा एकाच गोळीत असतात. बद्धकोष्ठता, मद्य, लांबचा प्रवास यांची त्यात भर पडते. प्रत्येक औषधविक्रेत्याने साठीवरच्या पुरुषाला सर्दीची गोळी देताना ‘लघवीला अडतं का?’ एवढं विचारलं तर अशा कितीतरी रात्री टळतील.

ही अचानक तुंबलेली लघवी तरी बरी, कारण ती दुखते आणि माणसाला दवाखान्यात नेते. जास्त भीती वाटावी ती न दुखणाऱ्या तुंबण्याची. अरुंद वाटेतून ढकलून ढकलून मूत्राशयाचा स्नायू आधी जाड होतो, मग थकतो, मग सैल पडतो. लघवी आत साचून राहते, वरच्या थेंबांनी कपडे ओले होतात, आणि माणसाला वाटतं आपल्याला तर वारंवार होते, अडत कुठे आहे? दाब मागे मूत्रपिंडांपर्यंत पोचतो. भूक मंदावते, थकवा येतो, पायांवर सूज येते. क्रिएटिनिन तपासल्यावर कळतं की मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत. वेळेवर सापडलं तर हे पूर्णपणे टाळता येण्याजोगं नुकसान आहे. लघवी करून आल्यावर सोनोग्राफीने आत किती उरली हे मोजायला काही मिनिटं लागतात.

विचारल्याने काय होतं, याचा मोठा धडा महाराष्ट्रानेच जगाला दिलेला आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत स्त्रियांच्या आजारांची पाहणी केली. ती १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि तपासलेल्यांपैकी जेमतेम आठ टक्के स्त्रियांची त्यापूर्वी कधी तपासणी झालेली होती. तोपर्यंत सगळे धरून चालले होते की बायका तक्रार करत नाहीत म्हणजे त्यांना काही होत नाही. विश्वास वाटेल अशा माणसाने, योग्य जागी, त्यांच्या भाषेत विचारलं तेव्हा झाकलेलं सगळं वर आलं. म्हाताऱ्या पुरुषांच्या बाबतीत नेमकं हेच करायचं बाकी आहे. आशाताई घरोघर जातात, पण सत्तरीचे आजोबा सुनेच्या वयाच्या बाईला लघवीचं सांगतील ही अपेक्षा रास्त नाही. हे काम उपकेंद्राच्या पुरुष आरोग्यसेवकाकडे द्यायला हवं.

एका माणसाच्या बोलण्यानेही फरक पडतो. १७ जानेवारी २०२४ रोजी ब्रिटनच्या राजवाड्याने जाहीर केलं की राजे चार्ल्स यांची प्रोस्टेट वाढली असून त्यावर उपचार होणार आहेत. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या संकेतस्थळावर प्रोस्टेटवाढीचं पान वाचणाऱ्यांची संख्या एका दिवसात दहापटीहून अधिक झाली. आपल्याकडे नेते, नट, क्रिकेटपटू हृदयाच्या ऑपरेशनबद्दल मुलाखती देतात. त्यांच्यातही साठी-सत्तरीचे पुरुष आहेत, आणि प्रोस्टेट त्यांनाही सोडत नाही. एखाद्या लोकप्रिय माणसाने आपल्या प्रोस्टेटच्या ऑपरेशनबद्दल साधेपणाने चार वाक्यं सांगितली तर ती सरकारी जाहिरातीपेक्षा जास्त कामाला येतील.

गप्प राहण्यामागे लाजेइतकीच भीतीही आहे, आणि त्या भीतीला इतिहास आहे. हिंदुस्थानात वीसेक वर्षं वैद्यकीय नोकरी करून परतलेल्या पीटर फ्रायर या आयरिश सर्जनने १९०० साली लंडनमध्ये ओटीपोट उघडून संपूर्ण वाढलेली ग्रंथी काढण्याची पद्धत रूढ केली. त्याआधी म्हाताऱ्यांना आयुष्यभर नळीवर जगावं लागत असे, म्हणून ती मोठीच प्रगती होती. पण रक्तस्राव भरपूर, जखम मोठी, दवाखान्यातला मुक्काम लांबलचक. आपल्या आजोबांच्या पिढीने पाहिलेलं, ऐकलेलं ‘प्रोस्टेटचं ऑपरेशन’ ते हेच, आणि ते अजून घराघरांत सांगितलं जातं. आज बहुतेक ऑपरेशनं लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालून होतात. कमरेखालचा भाग बधिर करतात, पोटावर टाका नसतो, नळी साधारण दोन-तीन दिवसांत निघते. फार मोठ्या ग्रंथीही आता लेझरने काढता येतात. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न घालता ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजना लागू झाली आहे, आणि दुर्बिणीतून होणारं हे ऑपरेशन योजनेच्या यादीत आहे.

इथे एक गोष्ट उघड लिहिली पाहिजे, कारण डॉक्टर ती घाईत सांगत नाहीत आणि रुग्ण विचारत नाही. या ऑपरेशननंतर बहुतेक पुरुषांत वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं. त्याने अपाय होत नाही, ताठरता सहसा टिकते, पण हे आधी माहीत नसलेला माणूस घाबरतो, खचतो आणि मग दहा जणांना ‘ऑपरेशन करू नका’ म्हणून सांगतो. सत्तरीच्या पुरुषाला कामजीवन नसतं असं गृहीत धरणं हा त्याचा अपमान आहे. त्याला बायकोसह समोर बसवून हे आधीच सांगायला हवं.

बहुतेकांना तर ऑपरेशनपर्यंत जावंच लागत नाही. टॅमसुलोसिनसारख्या गोळ्या मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करतात. फरक काही दिवसांत जाणवतो. फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड ही औषधं ग्रंथीच लहान करतात, पण त्यांना सहा महिने ते वर्ष द्यावं लागतं, आणि महिन्याभरात गुण आला नाही म्हणून सोडून देणाऱ्यांची संख्या मोठी आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या तीन हजारांहून अधिक पुरुषांच्या अमेरिकी अभ्यासात दोन्ही प्रकारची औषधं मिळून घेणाऱ्यांचा आजार वाढत जाण्याचा धोका ६६ टक्क्यांनी घटला होता. पहिल्या प्रकारच्या गोळीने उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून ती रात्री घ्यावी आणि पलंगावरून सावकाश उठावं. आणखी एक: टॅमसुलोसिन घेणाऱ्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यातली बाहुली नीट मोठी होत नाही, बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा लुळा पडतो आणि गुंतागुंत होऊ शकते. सर्जनला आधी माहीत असेल तर तो तयारी ठेवतो. मोतीबिंदूची शिबिरं गावोगाव होतात. तिथल्या फॉर्मवर ‘लघवीची गोळी चालू आहे का?’ ही ओळ असलीच पाहिजे.

आता त्या रक्ताच्या आकड्याकडे. पीएसए हे प्रोस्टेट तयार करत असलेलं प्रथिन. कर्करोगात ते वाढतं. पण साध्या वाढीनेही वाढतं, जंतुसंसर्गाने वाढतं, लघवी तुंबल्याने वाढतं, नळी घातल्याने वाढतं. उलट फिनास्टेराइड घेत असलेल्याचा आकडा निम्म्यावर येतो आणि खोटा दिलासा देतो. रिपोर्टावर चारची रेघ छापलेली असते आणि साडेपाच आलेला माणूस मृत्युपत्राचा विचार करू लागतो. १९७० मध्ये प्रोस्टेटमधलं असं प्रथिन शोधणारे रिचर्ड अ‍ॅब्लिन यांनीच २०१० साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून सरसकट तपासणीवर कडक टीका केली.

युरोपातल्या मोठ्या अभ्यासात २३ वर्षांच्या अखेरीस दिसलं की तपासणीला बोलावलेल्या दर ४५६ पुरुषांमागे प्रोस्टेटच्या कर्करोगाने होणारा एक मृत्यू टळला. हा लाभ खरा आहे, त्याला कमी लेखू नये. पण त्यासाठी अनेकांना बायोप्सी, काळजी आणि कधी नको असलेले उपचार सोसावे लागतात. ब्रिटनमधल्या दुसऱ्या अभ्यासात लवकर सापडलेल्या कर्करोगाचं ऑपरेशन केलं, किरणोपचार दिले किंवा नुसतं नियमित लक्ष ठेवलं, तरी पंधरा वर्षांत त्या कर्करोगाने मेलेल्यांचं प्रमाण तिन्ही गटांत तीन टक्क्यांच्या आसपासच राहिलं. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये म्हणूनच सांगितलं, की ५५ ते ६९ या वयात डॉक्टरांशी बोलून ज्याचा त्याने निर्णय घ्यावा, आणि सत्तरीनंतर सरसकट तपासणी करू नये.

आपल्याकडचं चित्र थोडं वेगळं आहे. इथे अनेक रुग्ण कर्करोग हाडांत पसरल्यावर, कंबरदुखीची तक्रार घेऊन येतात. सुरुवातीचा कर्करोग लघवीच्या तक्रारींतून ओळखू येत नाही, हेही खरं. त्यामुळे ‘पीएसए करूच नका’ असं मी म्हणत नाही. वडिलांना किंवा भावाला हा कर्करोग झाला असेल, लघवीत रक्त दिसत असेल, हाडं सतत दुखत असतील, डॉक्टरांच्या बोटाला ग्रंथी टणक लागली असेल, तर तपासणी टाळणं धोक्याचं आहे. आक्षेप आहे तो न विचारता, न समजावता पॅकेजात कोंबलेल्या तपासणीवर. आकडा जास्त आला तर पुढे काय, हे आधी बोलल्याशिवाय रक्त घेऊ नये.

विचारपुशीचं साधन तयार आहे आणि फुकट आहे. जगभरचे मूत्ररोगतज्ज्ञ १९९२ पासून सात प्रश्नांची एक पत्रिका वापरतात. गेल्या महिन्याभरात लघवी करून आल्यावर आत उरल्यासारखं वाटतं का, दोन तासांच्या आत पुन्हा जावं लागतं का, धार मध्येच थांबते का, दाबून ठेवणं अवघड जातं का, धार बारीक झाली आहे का, जोर करावा लागतो का, रात्री किती वेळा उठावं लागतं. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. सातपर्यंत त्रास सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, वीस आणि त्यापुढे तीव्र. आणि शेवटी आठवा प्रश्न, जो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो: यापुढचं सगळं आयुष्य लघवीची हीच अवस्था राहिली तर तुम्हाला कसं वाटेल? ग्रंथीचं वजन किंवा रक्तातला आकडा या प्रश्नाचं उत्तर देऊ शकत नाही. उपचार करायचे की नाहीत याचा निर्णय मात्र बऱ्याच अंशी याच उत्तरावर उभा असतो.

महाराष्ट्रात गावोगाव ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. त्यांच्या शिबिरांत साखर, रक्तदाब, डोळे तपासले जातात. येत्या १ ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनी, प्रत्येक संघाने ही पत्रिका मराठीत छापून शिबिरात ठेवावी. दार लागणारी एक खोली आणि ऐकून घेणारा एक पुरुष कार्यकर्ता किंवा डॉक्टर तिथे असावा. ज्यांचे गुण आठ किंवा त्याहून जास्त येतील त्यांना मूत्ररोगतज्ज्ञाकडे पाठवावं. कपडे थेंब थेंब ओले होत असतील किंवा ओटीपोट भरून राहत असेल, तर गुणांची वाट न पाहता त्याच आठवड्यात पाठवावं. आणि ज्यांचे वडील घरी आहेत त्यांनी शिबिराची वाट पाहू नये. आज रात्री जेवण झाल्यावर, बाकीचे उठून गेल्यावर, त्यांना विचारा.